डिलाईल रोडचे दुसरे नाव
(उमापूर येथील भाषणाचा मजकूर)



उमापुरात येऊन मुंबईच्या एका रस्त्याविषयी बोलावे, हे आपल्याला विचित्र वाटेल. परंतु त्या रस्त्याला ज्यांचे नाव आहे, त्यांनी शंभर वर्षांपूर्वी मांडलेला एक प्रश्न आज मुंबईपेक्षा गेवराई तालुक्यात अधिक जिवंत आहे.

लोअर परळहून सातरस्त्याकडे जाणाऱ्या या रस्त्याचे सरकारदरबारी नाव ना. म. जोशी मार्ग. लोकांच्या तोंडी मात्र अजून डिलाईल रोडच. काही मंडळी याबद्दल हळहळतात. मला त्यात जोशींचा अपमान वाटत नाही. याच रस्त्यावर अपोलो, सीताराम अशा गिरण्या होत्या आणि १९२० नंतर सरकारी विकास खात्याने बांधलेल्या बी. डी. डी. चाळी. एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची, आणि तीत कोकणातून, घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांचे बिऱ्हाड. त्यांनी रस्त्याला जे म्हटले ते टिकले. पाटीने जीभ बदलत नाही. प्रश्न एवढाच की, जोशींचे नाव पाटीवर चढले. त्यांचे काम कोठवर पोचले?

नारायण मल्हार जोशी कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे. जन्म १८७९ चा. शिक्षकी सोडून ते १९०९ साली भारत सेवक समाजात गेले, १९११ साली त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली आणि १९२० साली आयटकच्या स्थापनेत पुढाकार घेतला. वृत्ती नेमस्त. १९२९ साली नागपूर अधिवेशनात व्हिटले कमिशनवरील बहिष्काराच्या वादात आयटक दुभंगली, तेव्हा कमिशनचे सभासद असलेले जोशी बाहेर पडले. जहाल मंडळींनी त्यांना सरकारधार्जिणे ठरविले. हा आक्षेप सर्वस्वी निराधार होता असे मी म्हणणार नाही. पण एका गोष्टीत या नेमस्त माणसाने जहालांनाही मागे टाकले.

१९१९ साली वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जोशी तेथे होते. बाळंतपणाच्या आधी सहा व नंतर सहा आठवडे रजा आणि त्या काळात निर्वाहापुरती मदत, असा करार त्या परिषदेत संमत झाला. हिंदुस्थान सरकारने त्याला मान्यता दिली नाही. १९२४ साली जोशींनी स्वतःच मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिसाहाय्याचे विधेयक आणले. कारखाने, खाणी आणि चहाचे मळे यांतील स्त्रियांसाठी. १९२५ मध्ये ते फेटाळले गेले. पुढे मुंबई कौन्सिलात तसेच विधेयक आले. १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी त्याची बाजू जोरदारपणे मांडली, आणि १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला. केंद्राचा कायदा व्हायला १९६१ साल उजाडले. २०१७ मध्ये रजा २६ आठवड्यांवर गेली.

आता आपल्या फडावर या. दसरा-दिवाळीनंतर या भागातून टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल त्या कोयत्यावर, हिशेब त्या कोयत्याचा, खाडा पडला तर दंडही त्याच कोयत्याला. मुकादमाच्या वहीत बाईचे नाव बहुधा नसतेच. मग २६ आठवडे कोणाला द्यायचे? कारखाना म्हणतो, ती मुकादमाची. मुकादम म्हणतो, ती नवऱ्याबरोबर आलेली. चहाच्या मळ्यातल्या बाईला निदान मळेवाला तरी होता.

या अनामिकतेची किंमत बीड जिल्ह्याने मोजली आहे. तीन वर्षांत जिल्ह्यात ४,६०५ गर्भाशये काढली गेल्याचे जून २०१९ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले. त्या साऱ्याच ऊसतोडीला जाणाऱ्या होत्या असे नव्हे. पण खाडा परवडत नाही म्हणून पोटावर शस्त्रक्रिया करून घेतलेल्या बाया आपल्या वस्त्यांवर आहेत, हे येथे बसलेल्या कोणालाही मी सांगण्याची गरज नाही.

तेव्हा येत्या हंगामात उचल घेण्यापूर्वी मुकादमाकडे आणि कारखान्याकडे पहिली मागणी ही असू द्या: कोयत्यातील दोन्ही माणसांची स्वतंत्र नोंद, बाईचे नाव तिच्या स्वतःच्या ओळीवर, आणि तिची मजुरी तिच्या खात्यात.