टीव्हीमागची डबी बंद पडली तर

गेल्या वेळी आपण कर्जाच्या हप्त्यांवर बोललो. आज आम्ही आमच्या गटाच्या खोलीतल्या टीव्हीमागं अडकवलेल्या एका डबीबद्दल बोलणार आहोत. आगपेटीचा मोठा खोका असतो ना, तेवढीच ती. तिच्यात एक हिरवी पाटी असते आणि त्या एकाच पाटीवर सगळा संगणक मावलेला असतो. तिचं नाव रास्पबेरी पाय. शाळेतल्या पोरांना संगणक हाताळायला मिळावा म्हणून इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या लोकांनी ती काढली आणि २०१२ साली ती पहिल्यांदा विकायला आली. त्या पाटीवर कोडी नावाचा प्रोग्राम टाकला की साधा टीव्हीसुद्धा आपल्या फिल्मा, गाणी, फोटो दाखवायला लागतो. इंटरनेट नसलं तरी चालतं. कोडीला पैसे पडत नाहीत.

बऱ्याच गटांकडं आता अशी डबी आली आहे. कुणाला प्रकल्पातून मिळाली, कुणाला शाळेनं दिली, कुणाच्या शहरातल्या भाच्यानं बसवून दिली. बसवून देणारा निघून जातो आणि डबी आपल्या गळ्यात राहते. मग एक दिवस टीव्हीवर काळोख होतो आणि सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडं बघतात.

आमच्या डबीला जोडलेल्या डिस्कमध्ये शेळीपालनाच्या आणि गांडूळखताच्या फिल्मा आहेत, त्या पुन्हा मिळतील. पण त्याच डिस्कमध्ये गावातल्या नऊ म्हाताऱ्यांनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. त्यांतल्या दोघी आता नाहीत. त्यांच्या नाती सणाला माहेरी आल्या की आधी आमच्या खोलीत येतात आणि आजीचा आवाज लावा म्हणतात. म्हणून ही डबी बंद पडली की आम्हाला चैन पडत नाही.

मागच्या उन्हाळ्यात ती बंद पडली तेव्हा आम्ही ती तालुक्याच्या एका दुकानात नेली. दुकानदारानं उघडूनही बघितली नाही. बोर्ड गेला, नवीन घ्या म्हणाला. नवीन बोर्ड म्हणजे आमच्या गटाची काही महिन्यांची बचत. आमच्यातल्या एक काकू फार चिवट. बोर्ड गेला हे कशावरून, असं त्यांनी विचारलं. त्याला सांगता आलं नाही. काकूंनी डबी पिशवीत टाकली आणि आम्ही घरी आलो. चार संध्याकाळी बसून, एकीच्या कॉलेजातल्या मुलीला मोबाइलवर शोधायला लावून, आम्ही ते शोधून काढलं. बोर्डाला काही झालं नव्हतं. चार्जर कमी पडत होता. तेव्हापासून पंचक्रोशीतल्या इतर गटांच्या डब्याही आमच्याकडं येतात.

म्हणून पहिलं चार्जरचंच बोलू, कारण निम्म्याहून जास्त डब्या आमच्याकडं त्याच दुखण्याच्या आल्या.

आमची डबी चौथ्या पिढीची आहे, पाय ४. तिला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअर लागतात. तिसऱ्या पिढीच्या डबीला अडीच अँपिअर. हे आकडे चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेले असतात. चष्मा लावा आणि वाचा. जुन्या मोबाइलच्या चार्जरवर पुष्कळदा एकच अँपिअर असतो. बरं, मोठा मोठा म्हणून आणलेला फास्ट चार्जरही फसवतो, कारण त्याचा जोर बहुतेक वेळा नऊ व्होल्टवर असतो आणि आपल्या डबीला तो पाचच व्होल्ट देतो, तेही दोनच अँपिअरनं.

दुसरी गोष्ट वायरची. ठिबकच्या शेवटच्या टोकाला पाणी कसं बारीक होतं, तसंच इथं होतं. वायर लांब आणि पातळ असली की चार्जरमधून निघालेली वीज डबीपर्यंत पोहोचेस्तोवर मंदावते. डबीला ४.६३ व्होल्टच्या खाली चालत नाही. म्हणजे वाटेत अर्धा व्होल्ट सांडला तरी ती कुरकुर करते. ती सांगतेसुद्धा. टीव्हीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकल्याचं चिन्ह येतं. आमच्याकडं ते कितीतरी दिवस येत होतं आणि पोरं म्हणायची, ते चॅनेलचं चिन्ह आहे. डबीवरचा लाल दिवाही त्या वेळी मिणमिणतो किंवा विझतो. असं दिसलं तर दुसरं काही तपासत बसू नका. डबीचा स्वतःचा चार्जर आणा. त्याची वायर त्यालाच जोडलेली असते. आणि तो मोबाइल लावायला कुणालाही देऊ नका. आम्ही आमच्या चार्जरला लाल लोकर बांधली आहे.

आता दुसरा प्रकार. लाल दिवा नीट लागलाय, पण टीव्हीवर काहीच नाही. तेव्हा हिरव्या दिव्याकडं बघा. हिरवा दिवा म्हणजे डबी मेमरी कार्ड वाचतेय. तो अधूनमधून वेडावाकडा लुकलुकत असेल तर आत काम चालू आहे, खोट टीव्हीकडं किंवा मधल्या वायरीकडं आहे. पाय ४ ला टीव्हीची दोन बारीक भोकं असतात. चार्जरच्या पिनेजवळचं पहिलं, त्यातच वायर लावा. आणि आधी टीव्ही चालू करा, मग डबी. डबी आधी उठली आणि समोर टीव्ही दिसला नाही तर ती चित्र पाठवतच नाही. नुसता खटक्यांचा क्रम बदलून तीन गावच्या डब्या आम्ही बऱ्या केल्या आहेत.

हिरवा दिवा ठरावीक वेळा लुकलुकून थांबत असेल आणि पुन्हा तेच करत असेल, तर मोजा. चार वेळा किंवा सात वेळा असेल तर कार्डावरची सुरू होण्याची फाइल तिला सापडत नाही. म्हणजे कार्ड बिघडलं, पाटी चांगली आहे. आठ वेळा असेल तर मात्र पाटीवरच्या मेमरीचं दुखणं आहे आणि ते आपल्या हातचं नाही. टीव्हीवर नुसता सप्तरंगी चौकोन येऊन थांबला तरी आधी कार्डावर संशय घ्यायचा.

पाटी जिवंत आहे की मेली, याची आमची एक खूण आहे. ती दुकानात जायच्या आधी नक्की करून बघा. डबी बंद करा, चार्जर काढा, कार्ड काढून ठेवा. टीव्ही लावा, मग कार्डाशिवायच डबी चालू करा. पाय ४ च्या पडद्यावर रास्पबेरीचं चित्र आणि इंग्रजी अक्षरांच्या ओळी आल्या, तर पाटी जिवंत आहे, वायर चांगली आहे, टीव्हीही चांगला आहे. राहिलं फक्त कार्ड. जुन्या पिढीच्या डब्यांवर हे चित्र येत नाही, त्यामुळं तिथं यावरून काही ठरवू नका.

कार्ड का बिघडतं? आपल्याकडं लाइट जाते म्हणून. डबी कार्डावर काही लिहीत असते आणि त्याच क्षणी वीज जाते, अर्धं लिहिलेलं तसंच राहतं. आणि आपणही तेच करतो. कार्यक्रम संपला की भिंतीवरचा खटका खाली. तसं न करता कोडीच्या पडद्यावर वर डावीकडं खटक्याचं चिन्ह असतं, तिथं जाऊन डबी बंद करायला सांगायचं, हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला की मग भिंतीवरचा खटका. आमच्याकडं ज्या बाईची किल्लीची पाळी असते, हे तिचंच काम. घरात इन्व्हर्टर असेल तर डबी त्यावर घ्या. ती फार थोडी वीज खाते, एका पिवळ्या बल्बाएवढीही नाही.

कार्ड पुन्हा तयार करायला संगणक लागतो. ग्रामपंचायतीत किंवा शाळेत असतो. रास्पबेरी पाय इमेजर नावाचा फुकटचा प्रोग्राम आहे. त्यात लिब्रेइलेक हे नाव निवडायचं, कार्ड निवडायचं आणि लिहायला सांगायचं. चहा होईस्तोवर काम होतं. नवं लिहिताना कार्डावरचं जुनं सगळं पुसलं जातं, हे आधी ध्यानात घ्या. तुमच्या फिल्मा कार्डावरच असतील तर त्या आधी काढून घ्या. आम्ही कार्डावर काहीच ठेवत नाही, सगळं वेगळ्या डिस्कवर. आणि एक तयार कार्ड हिशेबाच्या वहीच्या खिशात असतं. जुनं काढलं, दुसरं घातलं, कार्यक्रम सुरू.

इथं एक धोका सांगतो, आणि तो कान देऊन ऐका. डबीचं कार्ड विंडोजच्या संगणकाला लावलं की तो विचारतो, हे फॉरमॅट करू का? कार्डाच्या एका भागाची भाषा त्याला कळत नाही म्हणून तो असं विचारतो. कार्ड खराब आहे असा त्याचा अर्थ नाही. एका गावात कुणीतरी हो म्हटलं आणि त्या गटाचे पाच वर्षांचे फोटो गेले. नाही म्हणायचं, खिडकी बंद करायची.

डिस्कचं वेगळं दुखणं असतं. डिस्क टिकटिक वाजते, मध्येच दिसेनाशी होते, फिल्म अर्ध्यावर थांबते. लोक म्हणतात, डिस्क मरायला लागली. असेलही. पण आधी हे बघा की तिला वीज पुरतेय का. डबीच्या चारही यूएसबी भोकांना मिळून १.२ अँपिअरच मिळतात, आणि फिरणाऱ्या डिस्कला सुरू होताना तेवढे एकटीलाच लागू शकतात. स्वतःचा वेगळा चार्जर असलेला यूएसबी हब मधे लावला की पुष्कळदा टिकटिक थांबते. पेनड्राइव्हला ही अडचण येत नाही.

चित्र अडखळत असेल तर दोन गोष्टी वेगळ्या ओळखायच्या. एकच फिल्म दरवेळी अडखळते आणि बाकीच्या छान चालतात, तर दोष फिल्मच्या जातीत आहे. नव्या मोबाइलांवर काढलेल्या काही फिल्मा तिसऱ्या पिढीच्या डबीला झेपत नाहीत, चौथ्या पिढीला झेपतात. पण दुपारी सगळंच अडखळतं आणि रात्री तीच फिल्म सरळ चालते, तर ते उन्हाचं दुखणं. पाटीवरचा मुख्य चौकोन ८० अंशांपर्यंत तापला की डबी स्वतःच हळू चालायला लागते, जळू नये म्हणून. शहाणीच म्हणायची. पत्र्याची खोली, मे महिना, वर डबीवर क्रोशाचा रुमाल! रुमाल फार सुंदर विणला होता, काकूंनीच, पण तो आता रेडिओवर घातला आहे. डबी सेट टॉप बॉक्सवर ठेवू नका, टीव्हीच्या मागं हवा खेळते तिथं टांगा. अॅल्युमिनियमचं छोटं कंगव्यासारखं पान मिळतं, ते त्या चौकोनावर चिकटवलं की बराच फरक पडतो.

आवाज नसेल तर घाबरायचं कारण नाही. दातेरी चाकाच्या चिन्हात जा, सिस्टिम, मग ऑडिओ. आवाज टीव्हीतून हवा असेल तर एचडीएमआय निवडा, वेगळा स्पीकर डबीला लावला असेल तर अॅनालॉग. तिथंच पासथ्रू नावाचं एक बटण आहे, ते बंद असू द्या. आणि डबीला वेगळा रिमोट लागतच नाही. टीव्हीचाच रिमोट चालतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय सीईसी चालू करायचं. कंपन्यांनी त्याला आपापली नावं दिली आहेत, सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीमध्ये सिम्पलिंक. ते सापडलं की माऊस, कीबोर्ड कपाटात.

फाइलींची नावं आम्ही इंग्रजी अक्षरांत ठेवतो, कारण काही डब्यांवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसतात. ओव्यांच्या फाइलींना म्हातारीचं नाव आणि साल, एवढंच.

आणि त्या ओव्यांची दुसरी प्रत आहे. दर महिन्याच्या बैठकीत हप्ते जमा झाले की दोघी जणी बसून नवीन काही असेल ते दुसऱ्या डिस्कवर उतरवतात आणि उतरवलेलं एकदा वाजवून बघतात. ती डिस्क गटाच्या खोलीत नसते. ती वरच्या आळीत एकीच्या घरी, फडताळात, डाळीच्या रिकाम्या डब्यात असते. कुणाच्या घरी, ते फक्त आम्हाला माहीत आहे.