बूट संध्याकाळी घ्यावा

मी कोरेगाव भीमाचा. ३१ डिसेंबर १८१७च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची पलटण शिरूरच्या छावणीतून निघाली, रात्रभर चालली आणि १ जानेवारी १८१८ला सकाळी दहाच्या सुमाराला आमच्या गावाशी पोचली. मग ती माणसं दिवसभर अन्नपाण्याविना लढली. नदीपलीकडच्या जयस्तंभावर पडलेल्यांची नावं आहेत. ‘नाक’नं संपणारी महार शिपायांची कितीतरी नावं मी लहानपणापासून वाचत आलो. पण चाळीसेक किलोमीटर चाललेल्या त्यांच्या पायांचं काय झालं असेल, हे मनात आलं पन्नाशीत.

त्यावर कविता लिहायची होती. म्हटलं, आधी चालून बघू. डिसेंबरच्या एका रात्री मित्राला घेऊन शिरूरहून निघालो. आदल्या दिवशी सकाळीच पुण्यात ट्रेकिंगचे नवे बूट घेतले होते, मोज्याशिवाय पाय घालून, आरशात बघून! रांजणगावच्या आधीच उजवी टाच गरम लागायला लागली. थांबलो नाही. मित्राला काय सांगायचं, टाच दुखते म्हणून? शिक्रापूरला बूट काढला तेव्हा मोजा रक्तानं चिकटला होता. गाव दहा किलोमीटरवर राहिलं आणि मी एसटीत बसलो.

मला मधुमेह आहे. ती जखम भरायला दीड महिना लागला. डॉक्टरांनी सुनावलं ते वेगळंच. साखर असलेल्या माणसाचा पाय वेळेवर तक्रार करत नाही, आणि फोडाचं दुखणं पाय गमावण्यापर्यंत जाऊ शकतं.

बाजारात चपला शिवणाऱ्या काकांना बूट दाखवायला नेला, तर ते माझा पायच बघत बसले. म्हणाले, “भाई, सकाळचा पाय वेगळा, संध्याकाळचा वेगळा.” दिवसभरात पाय थोडा सुजतो, म्हणून बूट संध्याकाळी घ्यायचा, चालताना घालणार तेच मोजे घालून. दोन्ही पाय सारखे नसतात, तेव्हा माप मोठ्या पायाचं. सगळ्यांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. टाच मात्र आत वरखाली होता कामा नये. गझलेत एक मात्रा जास्त झाली तर संपादक चालवून घेतो, टाच नाही घेत.

फोड येतो तो घासण्यानं, आणि ओली कातडी लवकर घासली जाते. सुती मोजा घाम धरून ठेवतो. लोकरीचा किंवा सिंथेटिक बरा. वजूत मी रोज पाय धुतो, पण बोटांच्या फटी कोरड्या करायला शिकलो तो या फोडानंतर. टाच गरम लागली की तिथल्या तिथे थांबून चिकटपट्टी लावावी. फोड आलाच तर वरची कातडी ओढून काढू नये. मधुमेह असेल तर सुईलाही हात लावू नये, डॉक्टरकडे जावं.

पुढच्या हिवाळ्यात, डॉक्टरांना विचारून, पुन्हा निघालो. बूट दोन महिने घरात आणि शेताच्या बांधावर वापरून मऊ केले होते. वाटेत तीनदा मोजे बदलले, दर वेळी बॅटरीच्या उजेडात तळवे बघितले. साडेनऊला गावात शिरलो. ओट्यावर बसून बूट काढले. टाच धड होती. मित्राच्या अंगठ्याचं नख मात्र काळंनिळं पडलं होतं. निघताना त्याला म्हटलं होतं, नखं काप.

“आता हसू नकोस,” तो म्हणाला, “पाणी आण.”