वाटेवरची राजधानी
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



चिखलदरा न पाहिलेला माणूस अमरावती-अकोल्याकडे शोधूनच काढावा लागेल. शाळेची सहल असते, नाहीतर नव्या जावयाला घेऊन गेलेलं असतं, नाहीतर पावसाळ्यात नुसतं ढग बघायला. जाताना गाडी परतवाड्याला थांबते. चहा होतो, हंगाम असेल तर संत्री घेतली जातात, आणि गाडी घाटाच्या रस्त्याला लागते. या थांब्यापासून अचलपूर दोन-तीन किलोमीटरवर आहे. दोन्ही गावांची नगरपालिका एकच. पण तिकडे गाडी वळवायचं कुणाच्या मनात येत नाही. "तिथं काय हाये पाहाले?" असं गाडीतलंच कुणीतरी विचारतं आणि विषय संपतो.

या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी तुम्हाला थोडं दूर न्यायचं आहे, स्पेनमध्ये.

स्पेनच्या नैर्ऋत्येला, पोर्तुगालच्या सरहद्दीपासून जवळ मेरिदा नावाचं शहर आहे. वस्ती साठ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या अचलपूरपेक्षा बरीच कमी. भोवतालचा एस्त्रेमादुरा हा मुलूख शेतीचा आणि कडक उन्हाळ्याचा. कामधंद्यासाठी इथली पिढ्यान् पिढ्यांची पोरं माद्रिद-बार्सिलोनाला गेली. वऱ्हाडातल्या माणसाला हे चित्र परकं वाटू नये. इसवी सनापूर्वी २५ साली रोमचा सम्राट ऑगस्टस यानं निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन हे गाव वसवलं. सेवा पूर्ण केलेल्या सैनिकाला लॅटिनमध्ये 'एमेरिटस' म्हणत, म्हणून गावाचं नाव 'एमेरिता'. तेच पुढे मेरिदा झालं. आपल्याकडे मान्यवर निवृत्त प्राध्यापकांच्या पदापुढे 'एमेरिटस' लावतात, तोच हा शब्द.

हे गाव रोमन प्रांताची राजधानी होतं. नाट्यगृह, झुंजींचं मैदान, देवळं, ग्वादियाना नदीवरचा लांबलचक पूल, पाणी आणणाऱ्या उंच कमानी, असं सगळं तिथे उभं राहिलं. पुढे राज्यं बदलली, राजधानीपण गेलं आणि नाट्यगृह मातीखाली गाडलं गेलं. वर राहिले ते प्रेक्षकांच्या सज्जाचे सात तुकडे. गावकरी त्यांना 'सात खुर्च्या' म्हणत आणि सांगत, की सात मूर राजे इथे बसून खलबतं करायचे. १९१० साली खोदकाम सुरू झालं, तेव्हा त्या खुर्च्यांखालून अख्खं नाट्यगृह निघालं. १९३३ साली त्याच रंगमंचावर पुन्हा नाटक झालं. आजही दर उन्हाळ्यात तिथे नाट्यमहोत्सव भरतो. रोमन पुलावरून तर १९९१ पर्यंत मोटारी जात होत्या. शेजारी नवा पूल झाला, तेव्हा जुना पायी चालणाऱ्यांसाठी ठेवला. १९९३ साली युनेस्कोनं या अवशेषांना जागतिक वारसा म्हटलं. त्याआधी १९८३ साली एस्त्रेमादुरा स्वायत्त प्रांत झाला, तेव्हा राजधानी म्हणून मेरिदाचीच निवड झाली होती.

आता परत आपल्या गावाकडे येऊ. अचलपूरलाही नावाची गोष्ट आहे, आणि ती मेरिदाच्या गोष्टीपेक्षा कमी रंगतदार नाही.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या कागदपत्रांत या गावाचं नाव 'एलिचपूर' असं येतं. पुष्कळांना वाटतं, की इंग्रजांना 'अचलपूर' म्हणता येईना म्हणून त्यांनी ते बिघडवलं. गावात दुसरी कथा आहे. ईल नावाचा जैन राजा होता, त्यानं दहाशे अठ्ठावन्न साली गाव वसवलं, म्हणून ईलिचपूर. या ईल राजाशी लढायला अब्दुल रहमान गाझी भर लग्नातून, नवरदेवाच्या वेशात आला, म्हणून तो 'दुल्हा रहमान'. त्याचा दर्गा बिच्छन नदीच्या काठी आहे.

पण बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्र नावाचे मोठे जैन पंडित होऊन गेले. त्यांनी प्राकृत भाषेचं व्याकरण लिहिलं. त्यात एक सूत्र खास या गावासाठी आहे. 'अचलपूर' या शब्दात प्राकृत बोलताना 'च' आणि 'ल' यांची अदलाबदल होते आणि 'अलचपूर' होतं, असं ते सूत्र सांगतं. 'चाकू'चा 'काचू' करणारी मंडळी आपल्या घरोघरी असतात, तसाच हा प्रकार. म्हणजे एलिचपूर हे इंग्रजांचं पाप नव्हे. लोकांच्या तोंडी ते नाव आठ-नऊशे वर्षांपूर्वीच रुळलेलं होतं. महानुभावांच्या ग्रंथांत हेच गाव 'अळजपूर' म्हणून भेटतं. ईल राजाची कथा लोकांनी या नावाभोवती गुंफली असावी, मेरिदाकरांनी सात खुर्च्यांवर सात राजे बसवले तशी. कथा खोटी म्हणून टाकून देऊ नये. गावाला आपल्या थोरपणाची आठवण असते, तिचा तपशील हरवतो, आणि मग ती कथेच्या रूपानं टिकून राहते.

तपशील मात्र आपल्याला शोधता येतो. अचलपूरजवळ चम्मक नावाचं खेडं आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे ताम्रपट सापडले. ते पाचव्या शतकातल्या वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचे. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता ही या राजाची आई. भोजकट राज्यातलं, मधुनदीच्या काठचं चर्मांक नावाचं गाव आपण एक हजार ब्राह्मणांना दिलं, असं राजा या पत्र्यांवर सांगतो. हे चर्मांक म्हणजे आजचं चम्मक. दान देताना त्यानं अटीही घातल्या आहेत. राज्याविरुद्ध कट करायचा नाही, चोरी करायची नाही, शेजारच्या गावांना त्रास द्यायचा नाही. यातलं काही केलं आणि राजानं जमीन परत घेतली, तर तो राजाचा दोष नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे. दीड हजार वर्षांपूर्वीचा हा सरकारी कागद, आणि त्यातलं गाव आजही त्याच नावानं बसथांब्यावर भेटतं.

पुढे १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून गेला, तो एलिचपुरावरूनच. बहमनी राज्य फुटलं, तेव्हा १४९० साली फतहुल्ला इमादउल्मुल्क इथला स्वतंत्र सुलतान झाला. तो मूळचा विजयनगरच्या मुलखातल्या कानडी ब्राह्मण घरातला. लहानपणी युद्धात पकडला गेला आणि मुसलमान झाला. त्याची इमादशाही १५७४ पर्यंत टिकली. मग अहमदनगरची निजामशाही आली, आणि १५९६ साली चांदबिबीनं वऱ्हाड अकबराला दिलं. अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याची राजधानी म्हणून या शहराचं वर्णन आहे. जमिनीलगत उगवणाऱ्या इथल्या सुवासिक भुईचाफ्याचीही त्यानं नोंद केली आहे. बादशहाच्या कारभाराच्या आकडेवारीत एका फुलाला जागा मिळावी, हे मला फार आवडतं.

तर मग बघायला काय आहे? अमरावतीहून वलगावमार्गे परतवाडा पन्नासेक किलोमीटर. अकोल्याहून येणाऱ्यांनी दर्यापूर-अंजनगावमार्गे यावं. पानमळ्यांच्या आणि पानपिंपरीच्या याच अंजनगाव-सुर्जीत ३० डिसेंबर १८०३ रोजी शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला. दिवाळीनंतरचे दिवस चांगले. गावात शिरलं की आधी दुल्हा दरवाजा पाहावा. दगडी कमानीचा हा उंच वेशीदरवाजा शहराला तट होता, त्या काळाचा साक्षीदार. तिथून जुन्या पेठेतल्या गल्ल्यांतून निवांत चालावं. कुठे तटाचा तुकडा घराच्या भिंतीत गेलेला दिसतो, कुठे जुन्या चौथऱ्यावर नवा ओटा बांधलेला असतो. मेरिदातही असंच आहे. तिथल्या एका रोमन देवळाच्या खांबांच्या आत एका सरदारानं वाडा बांधला होता. आज देऊळ आणि वाडा दोन्ही जपले आहेत. वापरात राहिल्यामुळेच ते देऊळ वाचलं, असं सांगतात.

मग गावाबाहेर शेताशिवारात हौज कटोरा गाठावा. गोल तलाव आणि त्याच्या मध्यभागी उभी असलेली अष्टकोनी, मजल्यामजल्यांची इमारत. चारी बाजूंनी कमानी. तलावात पाणी असेल आणि कमानींत वारा खेळत असेल, तेव्हा वैशाखातही इथे गारवा असणार. वऱ्हाडचं ऊन ओळखून बांधलेली ही वास्तू आहे. कूलर नव्हते तेव्हा माणसं उन्हाळा कसा काढत, हे पोरांना पुस्तकातून सांगण्यापेक्षा इथे उभं करून सांगावं.

दुसऱ्या दिवशी गाविलगड. बहमनी आणि इमादशाही राजवटींनी बांधलेला, वाढवलेला हा किल्ला म्हणजे अचलपूरच्या डोक्यावरचं छत्रच. त्याच्या दरवाजावर दोन डोक्यांचा पक्षी कोरला आहे, गंडभेरुंड. हे विजयनगरकडचं चिन्ह. विजयनगरच्या मुलखातून कैद होऊन आलेला मुलगा सुलतान झाला, हे लक्षात ठेवून त्या दगडाकडे पाहा.

याच किल्ल्यानं आपलं आणि स्पेनचं एक खरंखुरं नातं जोडून ठेवलं आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अडगावला आर्थर वेलस्लीनं भोसल्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. तिथले जखमी ठेवायला त्यानं एलिचपुरात इस्पितळ उघडलं आणि तो गाविलगडावर निघाला. १५ डिसेंबरला गड पडला. आतल्या तटाला शिड्या लावून इंग्रजांचे सैनिक चढले. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. सव्वाआठ वर्षांनी, ६ एप्रिल १८१२ च्या रात्री, त्यानं स्पेनमध्ये असाच एक तट शिड्या लावून घेतला. ते शहर बदाहोस, मेरिदापासून साठेक किलोमीटरवर. तिकडच्या लढाईवर युरोपात पुस्तकं आहेत, नकाशे आहेत, माणसं मुद्दाम बघायला जातात. इकडची लढाई ज्या भिंतीपाशी झाली, त्या भिंतीवर आपली पोरं नावं कोरून येतात.

अकोलेकरांनी असं समजू नये, की हे सगळं अमरावतीकडचंच कौतुक आहे. आकोटजवळच्या नरनाळ्याचा महाकाली दरवाजा १४८७ साली याच फतहुल्लाच्या वेळी झाला. बाळापूरचा किल्ला औरंगजेबाचा मुलगा आझमशहा यानं सुरू केला आणि १७५७ साली एलिचपूरच्या नबाबानं, इस्माईलखानानं, पुरा केला, असं सांगतात. राजधानी एक होती, तिचे हात दोन्ही जिल्ह्यांत पसरले होते.

मग ही राजधानी मागे का पडली? कापसाचा व्यापार अमरावतीला एकवटला, मोठी रेल्वे बडनेऱ्यावरून गेली. इंग्रजी अमलात एलिचपूर हा वेगळा जिल्हा होता, तो १९०५ साली अमरावतीत मिसळला गेला. १९१३ साली मूर्तिजापूरहून छोट्या रुळांची गाडी आली. आपली शकुंतला. ७६ किलोमीटरला चार तास घेणारी ही गाडी गेली काही वर्षं बंद आहे. गावातली कापडगिरणी २०२० च्या टाळेबंदीत थांबली. अचलपूर जिल्हा व्हावा ही मागणी जुनी आहे. तिचा निर्णय सरकारदरबारी व्हायचा तेव्हा होईल.

जुने दगड गिरणीतल्या कामगाराला काम देणार नाहीत, हे खरं आहे. मेरिदाची गरिबीही काही एका नाट्यगृहानं गेली नाही. पण मेरिदाच्या माणसाला कुणी "इथे काय आहे बघायला" असं विचारलं, तर तो गप्प बसत नाही. सात खुर्च्यांची कथाही सांगतो आणि खालून निघालेलं नाट्यगृहही दाखवतो. अचलपूरच्या मुलाला हे सांगता आलं पाहिजे. त्यासाठी खोदकाम किंवा परदेशी मदत लागत नाही. अचलपूर-परतवाड्याच्या प्रत्येक शाळेनं वर्षातून एकदा मुलांना हौज कटोऱ्यापर्यंत चालत न्यावं. चम्मकच्या शाळेच्या भिंतीवर त्या ताम्रपटाचा मराठी अर्थ रंगवावा. अमरावती-अकोल्याच्या सहलींनी चिखलदऱ्याच्या कार्यक्रमातले तीन तास अचलपूरला द्यावेत. गावात पाहुणे येऊ लागले, की तटाचा दगड उचलून पायऱ्यांना लावणारा हात आपोआप थबकतो. पाहायला कुणी येतच नाही, तेव्हा तो दगड नुसता बांधकामाचा माल असतो.

संत्र्याचा आंबिया बहार बाजारात येतो, त्याच सुमारास चिखलदऱ्याच्या सहली निघतात. बहिरमची यात्रा पौषात भरते, तिथे हंडीतलं मटण आणि रोडगे खायला दोन्ही जिल्ह्यांतली माणसं लोटतात. मुक्तागिरीच्या जैन देवळांना जाणारा रस्ताही परतवाड्यावरूनच जातो. म्हणजे येणं तर आपलं होणारच आहे. यंदा परतवाड्याला चहा झाला, की ड्रायव्हरला एवढंच सांगा, "आधी अचलपूर घ्या."