मत मांडा, पुरावा जोडा



बारावीनंतर थेट अमेरिकेत शिकायला जाणारी मुलं आता आपल्याकडे नवलाची राहिलेली नाहीत. कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश मिळतो, घरोघरी पेढे जातात आणि मग विषयांची यादी हाती पडते. तिच्यात ‘अमेरिकन गव्हर्नमेंट’ दिसलं की वडील विचारतात, “अरे, हे कशाला घेतलंस?” मुलगा टेक्सासच्या सरकारी विद्यापीठात असेल तर उत्तर सोपं आहे: घेतलं नाही, घ्यावंच लागतं. पदवी कोणत्याही शाखेची असो, शासनव्यवस्थेचे ६ क्रेडिट तिथल्या कायद्यानेच सक्तीचे आहेत. देशाच्या राज्यघटनेबरोबर टेक्सासची घटनाही त्यात येते, कारण तिकडे प्रत्येक राज्याला स्वतःची घटना असते.

पहिल्याच तासाला सत्राचं सगळं वेळापत्रक हाती मिळतं. कोणत्या तासाआधी कोणती पानं वाचून यायची, निबंध कधी द्यायचा, उशीर झाला तर किती गुण कापणार, वर्गातल्या चर्चेला किती गुण, प्राध्यापक केबिनमध्ये कधी भेटतील, सगळं त्यात लिहिलेलं असतं. तीन क्रेडिटचा विषय म्हणजे आठवड्याला तीन तास वर्ग आणि वर सहा तास स्वतःचा अभ्यास, असा तिकडचा सर्वसाधारण हिशेब. चाचण्या, निबंध, सत्रमध्य परीक्षा, अंतिम परीक्षा असे गुण सत्रभर थोडेथोडे जमत जातात. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात गाईड घेऊन रात्र जागवण्याची आपली विद्या तिथे फारशी कामी येत नाही.

वाचायचं काय, याचा एक नमुना सांगतो. १७८७ साली फिलाडेल्फियात राज्यघटना लिहिली गेली. न्यूयॉर्कच्या लोकांनी तिला मान्यता द्यावी म्हणून हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे या तिघांनी ‘पब्लियस’ या टोपणनावाने वर्तमानपत्रांत लेख लिहिले. पुस्तकरूपात ते ८५ भरले. त्यांतला मॅडिसनचा दहावा लेख या विषयाच्या बहुतेक वर्गांत वाचावा लागतो. मॅडिसन म्हणतो, माणसं आहेत तिथे गट पडणारच. ते मोडायला गेलात तर स्वातंत्र्यच मोडेल. पण देश मोठा असेल तर गट इतके होतील की एकाच गटाला बहुमत जमवून बाकीच्यांना चिरडणं अवघड जाईल. प्रजासत्ताक लहान मुलखातच टिकतं, असं मानणाऱ्यांना हे उत्तर होतं.

यावर दोन पानं लिहा, असं सांगितलं जातं. “मॅडिसन हा थोर विचारवंत होता” इथून सुरुवात केलीत तर पदरात काही पडत नाही. त्याचा दावा कोणता, आधार कोणता आणि कच्चा दुवा कुठे, एवढंच हवं असतं. एखादी मुलगी लिहिते, दळणवळण संथ होतं तोवर हे खरं. आज फोनवर देशभरचा गट घटकेत जमतो. दुसरा विचारतो, रक्षण नक्की कोणाचं? प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामांची गणती तीन-पंचमांश धरणारी घटना हीच ना? दोघांनाही चांगले गुण मिळू शकतात.

पुढे सिनेट, म्हणजे अमेरिकी संसदेचं वरिष्ठ सभागृह, येतं. २०२० च्या जनगणनेत कॅलिफोर्नियाची लोकसंख्या सुमारे ३ कोटी ९५ लाख, वायोमिंगची ५ लाख ७७ हजार. सिनेटर मात्र दोघांचेही दोन-दोनच. हे योग्य आहे का? ‘नाही’ म्हणणाऱ्याने सांगायचं की समान जागांच्या या तडजोडीशिवाय लहान राज्यं घटनेला तयार झाली असती का. ‘होय’ म्हणणाऱ्याने लोकसंख्येतल्या त्या अडुसष्ट पटींच्या फरकाचं उत्तर द्यायचं. “सर डेमोक्रॅट निघाले तर?” ही धास्ती मुलांना असते. पण पाहिलं जातं ते हे, की समोरच्याच्या सर्वांत भक्कम मुद्द्याला तुम्ही भिडलात का. दुसऱ्याचा परिच्छेद नाव न देता उतरवला, तर मात्र अख्ख्या विषयात नापास होण्याची वेळ येऊ शकते.

आपल्या मुलांनी इथे बुजायचं कारण नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना अमेरिकेशी तुलना केलीच होती: तिथे दुहेरी नागरिकत्व आणि राज्यांना वेगळ्या घटना, आपल्याकडे एकच नागरिकत्व. तोच धागा पुढे न्यावा. राज्यसभेत महाराष्ट्राच्या १९ जागा आहेत आणि गोव्याची एक. अमेरिकी नियम लावला तर दोघांनाही दोन-दोन मिळतील. मग लहान राज्याचा आवाज कुठे जास्त ऐकू येतो आणि त्याची किंमत कोण मोजतं? हा प्रश्न घेऊन प्राध्यापकांच्या केबिनचं दार ठोठावावं. निबंधाचा विषय तिथेच पक्का होईल.