संगीत नाटकाचा आवाज
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात बेळगाव येथे केलेले भाषण)



व्यासपीठावरून बोलण्याची मला सवय नाही. आपल्या संस्थेच्या नाटकांत मी नेहमी सभागृहाच्या मागे, मिक्सरच्या मेजाशी बसत आलो. तेथे कोण बसले आहे याची प्रेक्षकांना आठवणही झाली नाही, म्हणजे त्याचे काम चांगले झाले असे समजावे. आज आपण मला पुढे बोलावलेच आहे, तर त्या कामासंबंधी चार शब्द सांगतो आणि शेवटी एक मागणे मागतो.

संगीत नाटकावर आपल्या जिल्ह्याचे मोठे ऋण आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म १८४३ साली याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. १८८० साली पुण्यास त्यांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले तेव्हा माईक नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत पद पोहोचविणे हे नटाच्या गळ्याचेच काम होते. आज सभागृहात पंखे घरघरत असतात, ऑर्गन-तबल्यालाही माईक असतो आणि आपल्या कानांनाही मोठ्या आवाजाची सवय लागली आहे. तेव्हा गळ्याची अर्धी जबाबदारी मिक्सरवाल्याच्या बोटांवर आली आहे.

ती मी एकदा कशी बुडविली ते सांगतो. आपण 'सौभद्र' केले त्या वर्षी प्रथमच अंगावर लावायचे बिनतारी माईक भाड्याने आणले होते, एकूण आठ. कोणाचे वाक्य हुकू नये म्हणून मी आठही माईक आरंभापासून उघडे ठेवले. पहिल्याच पदाला शिट्टी वाजली. मी घाबरून सर्वांचा आवाज खाली ओढला आणि प्रयोग तसाच रेटला. सुभद्रेचे काम करणाऱ्या काकूंनी तोवर वीस वर्षे माईकवाचून मागच्या रांगा जिंकल्या होत्या. प्रयोग संपल्यावर त्या विंगेत मला म्हणाल्या, "बाळ, माझा आवाज गेला का रे? मागे काहीच पोहोचले नाही म्हणतात." मी गप्प राहिलो. पुढच्या वर्षी त्यांनी, आता वय झाले, असे सांगून भूमिका नाकारली.

चूक कोठे होती हे मला पुढे कळले. कर्ण्यातून निघालेला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो आणि फिरत फिरत वाढतो, तीच शिट्टी. उघड्या माईकांची संख्या दुप्पट केली की आवाज सुमारे तीन डेसिबलने उतरवावा लागतो. एकाचे आठ केले म्हणजे नऊ डेसिबल गेले. दुसरी गोष्ट अशी की, कृष्ण आणि रुक्मिणी जवळ उभी असली म्हणजे कृष्णाचा आवाज रुक्मिणीच्याही माईकमध्ये शिरतो. अंतर एक मीटर धरले, तर तो सेकंदाच्या हजारांपैकी सुमारे तीन भाग उशिरा पोहोचतो. दोन्ही एकत्र झाले की काही स्वर एकमेकांना खाऊन टाकतात, आणि नट माठात तोंड घालून बोलत असल्यासारखा वाटतो. म्हणून ज्याचे वाक्य त्याचाच माईक उघडा, बाकीचे बंद. या कामाचे मर्म माईक उघडण्यापेक्षा तो वेळेवर बंद करण्यात आहे.

यासाठी नाटक पाठ असावे लागते. नट श्वास घेतो त्याच क्षणी बोट वर गेले पाहिजे. पहिले अक्षर निघून गेल्यावर उपयोग नाही. आता यंत्रात प्रवेशवार मांडणी आधी साठवून ठेवता येते, आणि ती सोय चांगली आहे. परंतु आपले गायक पद रंगले की तान वाढवितात, आणि 'वन्स मोअर' आला की पद पुन्हा सुरू होते. ते कोणत्याही यंत्राला आधी ठाऊक नसते. त्याशिवाय मुकुट माईकवर आला की आवाज दबतो, कपाळाचा घाम त्याच्या तोंडाशी उतरला की तो घुसमटतो. हे सारे रंगीत तालमीतच कळते, प्रयोगाच्या दिवशी कळून काय उपयोग?

काही वर्षांनी मी काकूंच्या घरी गेलो आणि खरे काय ते सांगितले. त्यांनी चहा पुढे ठेवला, थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मग म्हणाल्या, "त्याच वर्षी सांगायचे होतेस रे." त्यांनी पुन्हा रंगमंचावर पाऊल ठेवले नाही. मला कोणी दोष दिला नाही. पण तो माझा मीच विसरू शकलेलो नाही.

म्हणून विश्वस्त मंडळींना विनंती अशी : दरवर्षी आपण कर्णे अधिक मोठे आणतो. त्याऐवजी तो खर्च दोन रंगीत तालमींच्या माईकभाड्यावर करावा. ध्वनीचे काम आपल्याच मुलामुलींपैकी दोघांना शिकवावे, त्यांच्या हाती नाटकाची प्रत द्यावी आणि पहिल्या वाचनापासून त्यांना बसवावे. शिकविण्यास मी आनंदाने तयार आहे.

पुढच्या 'सौभद्रा'त जी मुलगी सुभद्रा होईल, तिला प्रयोगानंतर माझ्यासारख्याला तो प्रश्न विचारण्याची पाळी येऊ नये, एवढीच इच्छा.