भाड्याने राहणाऱ्यांचे देश

(खापर, ता. अक्कलकुवा, जि. नंदुरबार येथील व्याख्यानमालेतील व्याख्यान)

2011 च्या जनगणनेत भारताच्या ग्रामीण भागातली शंभरातली जवळजवळ पंचाण्णव कुटुंबे स्वतःच्या घरात राहत होती. भाडेकरू होते 3.4 टक्के. खापरसारख्या गावातही भाड्याने राहतात ते प्रामुख्याने बदलून आलेले शिक्षक, बँकेतले कर्मचारी, दवाखान्यातल्या परिचारिका आणि रस्त्याला दुकान टाकलेले बाहेरगावचे व्यापारी. बाकीच्यांचे घर कुडाचे असो की घरकुल योजनेतले, ते त्यांचे स्वतःचे. म्हणूनच आपल्याकडे एक समज खोल रुजला आहे: भाड्याने राहतो तो मागे राहिलेला, ज्याला स्वतःच्या चार भिंती उभ्या करता आल्या नाहीत असा.

जगातले आकडे हा समज टिकू देत नाहीत. स्वित्झर्लंड हा जगातल्या सर्वांत श्रीमंत देशांपैकी एक, आणि तिथली दहांतली सुमारे सहा कुटुंबे भाड्याने राहतात. जर्मनीत निम्म्याहून अधिक लोक भाडेकरू आहेत. उलट युरोपातल्या तुलनेने गरीब देशांपैकी एक असलेल्या रोमानियात सुमारे पंचाण्णव टक्के लोक स्वतःच्या घरात राहतात, म्हणजे आपल्या खेड्यांइतकेच. अमेरिकेत साधारण एक तृतीयांश कुटुंबे भाडे भरतात. सिंगापूरमध्ये दहांतली नऊ कुटुंबे घरमालक आहेत, पण त्यांतल्या बहुतेकांची घरे सरकारी गृहनिर्माण मंडळाने बांधलेली आणि 99 वर्षांच्या पट्ट्याने दिलेली असतात.

तेव्हा मालकी आणि श्रीमंती यांची जोडी जुळत नाही. मग हे आकडे ठरवते कोण? बहुतेक ठिकाणी कधीतरी घेतलेला एखादा राजकीय निर्णय. रोमानियात 1989 मध्ये साम्यवादी हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळली आणि नव्या सरकारने सरकारी सदनिका त्यांत राहणाऱ्यांनाच अगदी स्वस्तात विकून टाकल्या. सरकारचे भाडेकरू थोड्याच वर्षांत मालक झाले. ब्रिटनमध्ये 1980 च्या कायद्याने नगरपालिकेच्या घरांतल्या भाडेकरूंना ती घरे सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला. जर्मनीने वेगळी वाट धरली. दुसऱ्या महायुद्धात शहरे जमीनदोस्त झाल्यावर तिथल्या सरकारने भाड्याची घरे बांधणाऱ्यांना मोठी मदत दिली आणि भाडेकरूला कायद्याचे भक्कम संरक्षण दिले. तिथला भाडेकरार सहसा बेमुदत असतो आणि कायद्यात बसणारे कारण दाखवल्याशिवाय मालकाला घर खाली करून घेता येत नाही. अशा घरात माणूस वीस-तीस वर्षे राहतो, मुले तिथेच वाढतात. दर वर्षी सामान बांधण्याची धास्ती नसली, तर भाड्याच्या घराला कमी लेखण्याचे कारण उरत नाही.

महाराष्ट्राचा इतिहास यात कमी बोलका नाही, पण त्याची सुरुवात थोडी दुरून करावी लागते. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या ग्लासगो शहरात घरमालकांनी भाडी वाढवली, तेव्हा मेरी बार्बर यांच्यासारख्या कामगार वस्तीतल्या बायकांनी भाडे भरायचेच नाही असा संप उभारला. 1915 मध्ये ब्रिटिश संसदेला भाडी गोठवणारा कायदा करावा लागला. तीन वर्षांनी, 1918 मध्ये, मुंबई इलाख्यातही युद्धकाळातला भाडेनियंत्रण कायदा आला. त्याच दशकाच्या अखेरीस मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी मोठी योजना आखली. 1920 मध्ये डेव्हलपमेंट खाते सुरू झाले, कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवला गेला आणि कामगारांसाठी 50 हजार खोल्या बांधायचे ठरले. बांधून झाल्या सुमारे 16 हजार. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड इथल्या 207 इमारती, म्हणजेच बीडीडी चाळी. खोली 160 चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक.

त्याच काळात ऑस्ट्रियाच्या राजधानीत, व्हिएन्नात, काय घडले ते शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. तिथेही युद्धात भाडी गोठवली गेली होती, तिथेही खासगी मालकांनी नवी घरे बांधणे थांबवले. मग नगरपालिका स्वतः उतरली. 1923 मध्ये ह्यूगो ब्राइटनर या अर्थखात्याच्या प्रमुखाने घरांवर चढत्या दराचा कर लावला. लहान घराला नाममात्र, हवेलीला भरभक्कम. त्या पैशातून 1934 पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे उभी राहिली. 1930 मध्ये खुल्या झालेल्या कार्ल मार्क्स होफ या एकाच संकुलात 1,382 घरे, धुण्याची घरे, बालवाड्या आणि बागा होत्या. व्हिएन्नाने ते काम पुढेही चालू ठेवले. आज त्या शहराच्या मालकीची सुमारे 2 लाख 20 हजार घरे आहेत आणि त्यांत केवळ गरीबच नव्हे, तर शिक्षक, कारकून, डॉक्टरही भाड्याने राहतात.

मुंबईत बांधण्याचा तो वेग टिकला नाही आणि भाडी मात्र गोठवली गेली. 1947 च्या कायद्याने सप्टेंबर 1940 चे भाडे हे प्रमाण भाडे मानले. फाळणी आणि महागाईच्या त्या दिवसांत हा कायदा लाखो गिरणी कामगारांना रस्त्यावर येण्यापासून वाचवणारा होता, हे ठामपणे सांगायला हवे. पण पन्नास वर्षे तेच भाडे राहिले. मालकाने डागडुजी सोडली, जिने खचले, सज्जे कोसळले. 1969 मध्ये सरकारने दुरुस्तीसाठी वेगळे मंडळ काढले, तेव्हा मुंबईतल्या 19,642 जुन्या इमारती त्याच्या उपकरात आल्या. ज्याच्याकडे खोली होती तो पागडी घेऊन ती दुसऱ्याच्या हवाली करू लागला आणि गावाकडून नव्याने येणाऱ्याला झोपडपट्टीशिवाय जागा उरली नाही. अखेर डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण भाड्याच्या या तरतुदी काळाच्या ओघात अन्याय्य झाल्याचे सांगितले. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्रात 1999 चा नवा भाडेनियंत्रण कायदा लागू झाला.

देशभरचे चित्र 2017-18 च्या आर्थिक पाहणी अहवालात आहे. शहरांतले भाड्याच्या घरांचे प्रमाण 1961 मध्ये 54 टक्के होते, ते 2011 मध्ये 28 टक्क्यांवर आले. त्याच 2011 मध्ये शहरांत एक कोटीहून अधिक घरे रिकामी होती. एकट्या मुंबईत सुमारे 4 लाख 80 हजार. घरे बंद आणि माणसे उघड्यावर, इतका वाईट हिशेब दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात क्वचितच सापडेल.

याचा खापरशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध थेट आहे. इथली मुले बारावीनंतर नंदुरबार, धुळे, नाशिक, पुणे गाठतात. वसतिगृहात नंबर लागला तर ठीक, नाही लागला तर खोली शोधावी लागते. ती शोधताना आडनाव विचारले जाते, जेवणात काय चालते तेही विचारले जाते. वसतिगृहात नंबर न लागलेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. तिच्या मूळ दरांनुसार पुणे-मुंबईसारख्या शहरात निवासासाठी वर्षाला 20 हजार रुपये धरले होते. महिन्याला हिशेब केला तर सतराशेच्याही आत. तेवढ्यात पुण्यात एक खाट मिळणे कठीण. योजना चांगली आहे, तिचा निवास भत्ता भाड्याच्या खऱ्या दराशी जोडायला हवा.

दुसरा धागा उसाच्या फडाचा. दिवाळीनंतर या पट्ट्यातली कितीतरी कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन बारडोली-सुरतकडे ऊसतोडीला जातात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातेतल्या खानदेशी ऊसतोड मजुरांवर 1970 च्या दशकापासून लिहिले आहे. गावात घर स्वतःचे, पण हंगामभर ते कुलूपबंद, आणि कुटुंब पडावावर, म्हणजे मजुरांच्या तळावर, बांबू, चटई नि प्लास्टिकच्या खोपटात. जनगणनेच्या भाषेत ते घरमालकच. 2020 च्या टाळेबंदीत मजूर पायी परतताना देशाने पाहिले आणि त्याच वर्षी केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना जाहीर केली, पण ती शहरांपुरती. कारखान्याच्या पडावावर पाणी, संडास आणि पक्के छप्पर असलेली हंगामी खोली हीसुद्धा भाड्याच्या घरांच्या धोरणाची बाब आहे, आणि ती खोली उभारण्याची जबाबदारी ऊस गाळणाऱ्यांवरच टाकली पाहिजे.

गावातल्या घरकुलांना अनुदान जरूर मिळावे. पण ज्या माणसाला शिक्षणासाठी किंवा मजुरीसाठी वर्षातले सहा महिने दुसरीकडे राहावे लागते, त्याची गरज एका घरकुलाने भागत नाही.

धोरण बदलेपर्यंत खोली घेणाऱ्या मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी एवढे लक्षात ठेवावे. महाराष्ट्राच्या 1999 च्या कायद्यातले कलम 55 सांगते की भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृतच असला पाहिजे, अकरा महिन्यांचा असला तरीही. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरले जाते. करार नोंदवून घ्या, डिपॉझिटची रक्कम त्यात लिहून घ्या आणि दर महिन्याच्या भाड्याची पावती मागा.