परगावची झोप
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी बाहेरून कोणी विदुषी येतात आणि आपल्याला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगून जातात. यंदा हे काम मंडळानं माझ्यावर सोपवलं. मी काही विदुषी नव्हे. तेव्हा अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, तसा विषयही मी अंथरुणाचाच घेतला आहे. परगावी गेलं की झोप का येत नाही, आणि ती यावी म्हणून काय करावं?

विषय ऐकून काहीजणी हसलात. दोन वर्षांपूर्वी मीही अशीच हसले होते. त्याचीच कबुली द्यायला आज उभी आहे.

त्या चैत्रात आपली सहल आळंदी, देहू करून कार्ल्याला एकवीरा आईच्या दर्शनाला गेली होती. आखणी माझी. दोन रात्री, दोन गावं, दोन धर्मशाळा. पहिल्या सकाळी आपल्यातल्या एक वडीलधाऱ्या मावशी म्हणाल्या, "डोळ्याला डोळा लागला नाय गो." मी म्हटलं, "मावशी, तुमची घरची गादी आता इथं कुठून आणू?" साऱ्याजणी हसल्या. मावशीही हसल्या. दुसऱ्या सकाळी त्या काही बोलल्याच नाहीत.

तिसऱ्या दिवशी दर्शन घेऊन कार्ल्याच्या पायऱ्या उतरताना त्यांना चक्कर आली आणि त्या पडल्या. देवीची कृपा, मनगटावर निभावलं. दवाखान्यात हाताला प्लास्टर घालेपर्यंत मी शेजारी बसले होते. तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "दाराला कडी नव्हती गो. साऱ्यांच्या पिशव्या, पैसे तिथंच. कोनी तरी जागं नको काय?"

भगिनींनो, आम्ही पंचवीसजणी दोन रात्री झोपलो ते या एका बाईच्या जिवावर, आणि वर तिलाच हसलो!

घरी आल्यावर मी या विषयाचं थोडं वाचलं. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात मासाको तामाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. परक्या जागी पहिल्या रात्री आपल्या मेंदूचा डावा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही. कानावर अनोळखी आवाज पडला की तो चटकन सावध होतो. काही दिवसांनी त्याच जागी पुन्हा झोपवलं, तर हा फरक उरला नाही. डॉल्फिन तर मेंदूचा एक अर्धा भाग जागा ठेवूनच झोपतो. म्हणजे परक्या घरी झोप न येणं हा नखरा नव्हे, ती शरीरानंच ठेवलेली राखण आहे. माहेरून सासरी आलेल्या प्रत्येकीला ती पहिली रात्र आठवत असेल. आणि बाईच्या वाट्याला दुसरीही राखण येते: पोरांची, दागिन्यांची, पैशांची. माझ्या आखणीनं मावशींना तर दोन्ही रात्री पहिल्याच दिल्या होत्या!

यावर उपाय आपल्याच गावात होता. होडी रात्री समुद्रावर असली की सारे खलाशी एकदम झोपत नाहीत. पाळ्या लावतात. एक सुकाणावर, म्हणून बाकीचे निर्धास्त. गेल्या वर्षी आपण तेच केलं. दोन्ही रात्री मुक्काम एकाच जागी ठेवला. पैसे एका पेटीत, पेटीला कुलूप. दोघीदोघींच्या दीड-दीड तासाच्या पाळ्या कागदावर लिहून भिंतीला लावल्या. पाळीच्या यादीत मावशींचं नाव मुद्दाम घातलं नाही. त्या रात्री मावशी इतक्या घोरल्या की पाळीवरच्या दोघींना जागं राहणं मुळीच जड गेलं नाही.

आता काही बारीकसारीक गोष्टी. उशीचा घरचा अभ्रा नाही तर आपली गोधडी बरोबर घ्यावी. ओळखीच्या वासानं मन निवतं. आपल्याला लाटांच्या आवाजात झोपायची सवय, तेव्हा घाटावर शांतताही झोपू देत नाही. पंखा चालू ठेवून पाहावा. चार वाजल्यानंतर चहा नको. जेवण हलकं आणि घरच्याच वेळेला. दिवा मालवण्याआधी मोरी कुठं, बटण कुठं हे पाहून ठेवावं आणि उशाशी विजेरी ठेवावी. दुसरीची झोपेची गोळी मात्र कधीही घेऊ नये. परक्या अंधारात तीच पाडते. रेल्वेचं तिकीट काढताना वय नीट लिहावं. पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांना शिल्लक असल्यास खालची बर्थ देतात.

लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत जाणाऱ्याही आता आपल्यात आहेत. न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्या मागे साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक तास सरकतं. तेव्हा आठदहा दिवस आपल्याला काय झालं म्हणून घाबरू नये. दिवसा उजेडात हिंडावं, दुपारी फार झोपू नये. आणि लेकीला पहिल्याच दिवशी सांगावं की, बाळाची रात्रपाळी आपण वाटून घेऊ. सारी एकटीनं अंगावर घेऊ नये.

शेवटी एकच सांगते. खांदेरीवरचा दिवा १८६७ पासून जागा आहे, म्हणून समुद्रावरची माणसं वाट चुकत नाहीत आणि किनाऱ्यावरच्या आपल्याला झोप लागते. पण तो दिवा आहे, माणूस नव्हे. माणसानं आळीपाळीनंच जागावं. पुढच्या सहलीत कोणी म्हणाली, "मला झोप लागली नाही," तर हसू नका. तिला विचारा, "रात्रभर कशाची राखण करत होतीस?" आणि त्यातली एक पाळी आपल्याकडे घ्या.

मावशी आज पहिल्याच रांगेत बसल्या आहेत. त्यांची मी सर्वांसमक्ष क्षमा मागते आणि माझे दोन शब्द पुरे करते.